गावाची खोली

१९ वर्षं केलेली पतसंस्थेतली नोकरी मी वयाच्या ४६ व्या वर्षी सोडली. त्यानंतर दोन-तीन महिने भेटेल तो म्हणायचा, "धाडस केलंत हं!" साताऱ्यात राजवाड्यापाशी भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे तेच. मला बरं वाटायचं आणि ते कौतुक मी पदरात घ्यायचे. ते माझं नव्हतं, हे आता सांगायला हवं. घर स्वतःचं होतं, कर्ज फिटलं होतं, यजमानांचा पगार चालू होता, मुलगी नोकरीला लागली होती आणि फंडाचे पैसे हातात यायचे होते. राजीनामा लिहिण्याआधी महिनाभर मी वहीत आकडे मांडत होते. आकडे जुळले म्हणून सही केली. ते काम मला आतून खात होतं. मोठ्या थकबाकीदारांकडे काणाडोळा करायचा आणि भाजीवालीच्या दारात वसुलीची माणसं उभी करायची, हे रोज डोळ्यांदेखत चाललं होतं. तरीही आकडे जुळले नसते, तर मी आजही त्याच खुर्चीत असते.

माझ्या चुलत बहिणीचे आकडे जुळले नाहीत. ती मिरजेकडे सासरीच आहे.

ती माझ्याहून १२ वर्षांनी लहान. तिच्या घरात तिला कुणी मारत नाही. हे आधीच सांगते, कारण बाईनं घर सोडायची गोष्ट काढली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "मारतो का?" आणि दुसरा, "पितो का?" दोन्हीचं उत्तर "नाही" आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथंच मिटतो. तिचा विषय असा कितीदा तरी मिटलाय. लग्नाआधी ती डी.एड. करून एका शाळेत शिकवत होती. लग्नानंतर ते सुटलं. आता घरात तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही. नवरा टीव्हीसमोर जेवतो, ताट सरकवतो, झोपतो. पाच-पाच दिवस "मीठ कमी झालंय" यापलीकडे तिच्या कानावर शब्द पडत नाही. दळणाचे पैसे मागून घ्यावे लागतात आणि उरलेले सुटे परत द्यावे लागतात. मुलगा कोल्हापूरला वसतिगृहात. विचारलं तर म्हणते, "तसं काही वाईट नाही गं आक्का." हे वाक्य मी आमच्या भागातल्या इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मला धस्स होतं.

२०२३ च्या दिवाळीला ती माहेरी आली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी परत जायचं नाव काढेना. तोवर कुणी काही बोललं नाही. तिची बॅग मधल्या खोलीत कपाटाशेजारी होती. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती बॅग सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत गेली, कारण पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, जेवले, गेले. बॅग तिथंच राहिली. घरातल्या एकाही कपाटात तिच्यासाठी खण रिकामा नव्हता, म्हणून ती रोज सकाळी बॅग उघडायची, एक साडी काढायची आणि चेन पुन्हा लावून टाकायची. मी भेटायला गेले तेव्हा आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. समोरच्या काकू रस्त्यावरूनच म्हणाल्या, "आगं, कवा जायाचं हाय?" त्यात खवचटपणा नव्हता. माहेरी आलेल्या लेकीला आपण हेच विचारतो, "कवा आलीस?" च्या पाठोपाठ. ती म्हणाली, "जाईन की परवा." आणि खरंच गेली. फाट्यावर एसटीची वाट बघताना मला म्हणाली, "आक्का, हितं माझं हाय तरी काय?"

मी गप्प बसले, कारण उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. तिथलं तिचं जे होतं ते ज्या कागदानं गेलं, त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

२०१४ ची गोष्ट. काका जाऊन वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली: काकू, दोन भाऊ आणि ही. सव्वातीन एकर जमीन, विहिरीचं पाणी, आल्याचं पीक येणारं रान. चार वारसांत तिच्या वाट्याला साडेबत्तीस गुंठे. नोंद झाल्यावर पंधरा दिवसांत थोरल्यानं मला फोन केला, "आक्का, हक्कसोडाला तुम्ही साक्षीला या, तिला बरं वाटंल." हक्कसोड म्हणजे वारसानं आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. मीही गेले. तालुक्याच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही बाकावर नंबरची वाट बघत बसलो. तिच्या हातात डबा होता, भावांसाठी करून आणलेल्या करंज्यांचा. नंबर आल्यावर तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. अंगठा यंत्रावर उमटेना. धुण्याभांड्यानं बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. तिनं तो पदराला पुसला, मग बाहेर जाऊन धुऊन आली, मग तिसऱ्यांदा कारकुनानं स्वतः तिचा अंगठा दाबून धरला तेव्हा उमटला. "स्वखुशीनं देताय ना?" त्यांनी विचारलं. तसं विचारायची पद्धतच आहे. ती "हो" म्हणाली. तिला दुसरं काही म्हणता येईल असं त्या खोलीतल्या कुणालाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. नंतर भावांनी तिला साडी घेतली. छान होती साडी, मोरपंखी काठाची. आम्ही सगळे खूश होऊन घरी आलो.

यात भाऊ दुष्ट नव्हते. हेच मला सांगायचंय. ते आजही तिला दर भाऊबीजेला घ्यायला जातात. त्यांनी जे केलं ते सातारा-सांगलीच्या गावोगाव, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, सगळ्या घरांत होतं. कायदा काय म्हणतो हे सगळ्यांना माहीत असतं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. वडील २००५ साली हयात होते की नव्हते, याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे कायद्यानं २६ वर्षं लावून एक दार हळूहळू उघडलं. आणि आपण त्या दाराशी मुलीलाच नेऊन तिच्याच अंगठ्यानं ते लावून घेतो. का? तर माहेर तुटू नये म्हणून. "बहिणीनं वाटणी मागितली की माहेर संपलं," हे वाक्य आईच्या तोंडून ऐकतच मुली मोठ्या होतात. माहेर टिकावं म्हणून ती माहेरातला हक्क सोडते, आणि खरी गरज पडते तेव्हा बॅग पोत्यांच्या खोलीत जाते.

नको झालेली नोकरी, विटलेला संसार, चुकलेली वाट सोडायला धाडस लागतं असं आपण म्हणतो, आणि ते ज्याचं त्यानं आपल्या आत शोधावं, अशी अपेक्षा करतो. व्याख्यानमालेतले वक्ते तेच सांगतात, मोबाईलवरचे दोन मिनिटांचे व्हिडिओ तेच सांगतात: ऊठ, झेप घे, जग तुझं आहे. माझ्या बहिणीनंही ते व्हिडिओ बघितलेत. त्यानं तिला धीर आला नाही, उलट आपणच भित्र्या आहोत अशी खंत तेवढी वाढली. मला हे क्रूर वाटतं. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यानं झेप घेतली तर आपण त्याला शूर म्हणतो, आणि जिच्या पायाखालची साडेबत्तीस गुंठे आपण काढून घेतली तिला सांगतो की तुझ्यात हिंमतच नाही.

आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास बघा, म्हणजे माणसं कशी सोडून जातात ते कळेल. जावळी, पाटण, खटाव, माण इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली: गिरणीत, गोदीत, मार्केटात पाठीवर पोती वाहायला. माझे थोरले चुलते लालबागला होते. कोरडवाहू रान, घरात खाणारी तोंडं आठ. गाव सोडणं त्यांना भागच होतं. पण ते एकटे, फक्त हिंमतीच्या जोरावर गेले नाहीत. मुंबईत गावाची खोली होती. चाळीतली एक खोली, त्यात पंधरा-वीस जण पाळीनं झोपायचे. एकाची रात्रपाळी संपली की दुसऱ्याच्या वळकटीची जागा मोकळी व्हायची. भाडं सगळ्यांनी मिळून, जेवण खाणावळीत. नवा पोरगा एसटीनं, रेल्वेनं येऊन उतरला की त्याला फक्त त्या खोलीचा पत्ता माहीत असावा लागे. काम लागेपर्यंत त्याला कुणी पैसे मागत नसे. कुणी ओळखीनं गिरणीत बदली कामगार म्हणून लावून देई. हमालीला गेलेल्यांना तर पुढं कायद्याचा आधार मिळाला. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र बांधलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला.

जाण्याइतकीच परतण्याची सोयही होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप इतका लांबला, टिकला, त्याचं एक कारण असं की आपल्या भागातले आणि कोकणातले हजारो कामगार सरळ गावी आले. चुलतेही आले. गावातल्या घरात त्यांचं नाव होतं, रानात त्यांचा वाटा होता. आजी रोज त्यांच्या ताटात दोन भाकरी वाढायची. पहाटे ते रानात पाणी द्यायला जायचे. दीड वर्ष ते घरात होते आणि त्या दीड वर्षात समोरच्या काकूंनी त्यांना एकदाही विचारलं नाही की कवा जायाचं हाय.

मुलग्यांना गाव सोडता यावं म्हणून गावांनी मुंबईत खोल्या ठेवल्या, आणि हरून परत यावं लागलं तर गावात घर ठेवलं. मुलींसाठी आपण यातलं काय ठेवलं?

विट्याकडचे, खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक बघा. दुष्काळी भाग, पाऊस भरवशाचा नाही. तिथली पोरं सोनं-चांदी गाळायचं काम शिकून देशभर पांगली. आटपाडीचा मुलगा भाषाही न कळणाऱ्या गावात जातो तो मामाच्या नाहीतर चुलत्याच्या गाळ्यावर. तिथं भट्टीसमोर बसून शिकतो, मग स्वतःचं दुकान टाकतो, मग भाच्याला बोलावतो. यात्रेला सगळे गावी येतात. कष्ट त्यांनीच केले, उन्हात भट्टीपुढे बसणं सोपं नाही. पण दूर कुठंतरी आपल्या माणसाचा गाळा आहे, हे ठाऊक असल्यावर निघायचा विचार तरी करता येतो.

ज्यांना आपण धाडसाचे पुतळे मानतो त्यांच्याही मागे हे असतंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडली, कारण बढतीत त्यांना डावललं गेलं. स्वाभिमानी माणूस, त्यांच्या हिंमतीबद्दल मला शंका नाही. पण नोकरी सोडून ते गेले ते बेळगावला, भाऊ रामूअण्णांकडे, जिथं दोघांचं सायकलचं दुकान उभं राहत होतं. पुढं बेळगावातली जागाही सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन दिली, १० हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसायला लागली. साप आणि निवडुंगाच्या त्या माळावर राहायला जाणाऱ्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. माझं म्हणणं एवढंच, की त्या गोष्टीतला भाऊ आणि तो संस्थानिक गाळून आपण ती मुलांना सांगतो, तेव्हा अर्धीच सांगतो.

सावित्रीबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. १८४९ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंना जोतिरावांच्या वडिलांचं घर सोडावं लागलं तेव्हा त्यांना उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली, हे आपण वाचतो. त्यांच्या एका पत्राकडे मात्र कमी लक्ष जातं. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी होत्या आणि तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलं. त्या पत्रात भावानं आजारपणात केलेल्या सेवेबद्दल लिहिलंय, आणि त्याच भावाशी झालेल्या वादाबद्दलही. अस्पृश्यांसाठी तुम्ही करता ते काम कुळाला बट्टा लावणारं आहे, असं भावाचं म्हणणं. सावित्रीबाईंनी त्याला सडेतोड उत्तर दिलं. हे पत्र वाचताना माझं मन भावाशी अडतं. बहिणीचं वागणं त्याला पटलेलं नव्हतं. गाव नावं ठेवत होतं. तरी त्यानं तिला घरात ठेवलं, सेवा केली, बरी केली. पटणं आणि दार उघडं ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नायगावच्या शेतकऱ्याला कळत होतं. आपल्याला आज कळत नाही. आपण म्हणतो, "तिचं चुकतंय, मग तिला का ठेवून घ्यायची?"

आणि १८६३ साली या जोडप्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा अडलेल्या विधवांना त्यांनी धीर धरा, हिंमत करा असा उपदेश केला नाही. इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं असेल तर न्या, ठेवायचं असेल तर ठेवा, असं सांगितलं. आधी घर उघडलं. बायका त्या घरी आल्या.

सांगलीत, वाळव्याच्या भागात, टाकून दिलेल्या बायकांची चळवळ उभी राहिली तेव्हाही मागण्या अशाच जमिनीवरच्या होत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळापासून लढत आलेल्या बाईंनी परित्यक्तांना एकत्र केलं. त्यांचं म्हणणं होतं, रेशन कार्ड आमच्या नावावर द्या, कसायला जमीन द्या. रेशन कार्डावर नाव नसेल तर त्या बाईला सरकारदरबारी घरच नसतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता विरोधातल्या गोष्टी. त्या खोट्या नाहीत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली: वाटण्या करून जमिनीचे तुकडे पडतील, शेती परवडणार नाही. तुकडे पडतात हे खरंच. पण दोन भावांत वाटणी होते तेव्हाही तुकडे पडतात, आणि मी आजवर एकाही थोरल्या भावाला धाकट्याला म्हणताना ऐकलेलं नाही की तुकडे नकोत म्हणून तू हक्कसोड करून दे. तुकड्यांची काळजी फक्त बहिणीच्या वेळी वाटते. जमीन एकत्र कसा, खंड द्या, पिकातला वाटा द्या, सातबाऱ्यावर नाव मात्र राहू द्या. तेवढ्यानं एक गुंठाही तुटत नाही.

दुसरी: लग्नात दिलं की तिला. दिलं, हो. मंडपाला दिलं, जेवणावळीला दिलं, मानपानाला दिलं. त्यातला एकही रुपया तिला फाट्यावरून माहेरी यायच्या दिवशी उपयोगाचा नसतो.

तिसरी, सगळ्यात गंभीर. मला घरातल्या मोठ्या माणसांनीच विचारली: सोडणं इतकं सोपं केलंत तर संसार टिकतील का? उठसूट पोरी बॅग घेऊन येतील. या प्रश्नात खरी काळजी आहे. मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, चार दिवसांचा राग असतो आणि तो निवतोही. पण मला आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवतं. १९३९ साली औंध संस्थानानं तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली. तुरुंगाची भिंत नाही, बेड्या नाहीत, कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. ती वसाहत अजून चालू आहे. शिक्षा झालेल्या माणसाला भिंतीशिवाय ठेवलं तर तो पळेल, असं त्याही वेळी किती जणांना वाटलं असेल! दार उघडं असलं की माणूस पळतोच असं नाही. उलट परत जायला घर असतं ती बाई नांदते तेव्हा मनानं नांदते, आणि सासरच्यांनाही ठाऊक असतं की ही निराधार नाही. माझी आई ५१ वर्षं नांदली. तिच्या माहेरी तिच्या नावचा एक आंबा होता, तिच्या वडिलांनी लावलेला, दर वर्षी त्याची पाटी घरपोच यायची. ती कधीच माहेरी राहायला गेली नाही, पण माझ्या वडिलांशी भांडण झालं की त्या आंब्याचं नाव घ्यायची आणि ते नमतं घ्यायचे.

हे फक्त बायकांचंच आहे असं नाही. माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत सात वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. राज्यसेवेला वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८, राखीव गटाला ४३. म्हणजे अजून बरीच वर्षं "आणखी एकदा बघू" म्हणायला मोकळीक. त्याला थांबायचं होतं. मला त्यानं ते तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पण गावी यायचं तर यात्रेत प्रत्येकजण विचारणार, "निकालाचं काय झालं?" आणि घरी येऊन करायचं काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. शेवटी माझ्या मेहुण्यांनी एका संध्याकाळी फोन करून सांगितलं, "दुकानाला मागं एक खोली काढलीय, तुझं सामान तिथं राहील. ये." दुसऱ्या दिवशी तो आला. सात वर्षांत जे बळ त्याला आलं नव्हतं, ते एका वाक्यानं आलं.

सरकारनं काय केलं, हेही बघायला हवं. हिंसा सोसलेल्या बाईसाठी जिल्ह्याला 'सखी' केंद्र असतं, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. जिला कुणी मारत नाही पण जिचं आयुष्य आतून वाळत चाललंय, तिनं कुठं जायचं? तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या किंवा नोकरी शोधणाऱ्या बाईला परवडेल असं, सुरक्षित वसतिगृह हवं. नुसत्या मोठ्या शहरांत असून चालत नाही. माझ्या बहिणीच्या खात्यात ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात. त्या पैशांवर घर चालत नाही, पण ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा असे पैसे आलेत, ज्यांचे सुटे परत द्यावे लागत नाहीत." ती ते साठवते आहे. कशासाठी, हे मी विचारलेलं नाही. पण तिच्या वहीतही आता आकडे मांडले जातायत, आणि त्या वहीत साडेबत्तीस गुंठे असते तर बेरीज कुठवर गेली असती, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

हक्कसोडपत्राला कायद्यानं बंदी घाला असं मी म्हणत नाही. एखादी बहीण खरोखर सुखात असते आणि भावाला देते; तो तिचा अधिकार. मी म्हणते ते आपण लोकांनी करायचं आहे. बाप गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, डोळ्यांतलं पाणी आटायच्या आत, बहिणीला त्या बाकावर नेऊन बसवायचं थांबवा. आईनं, आत्यानं, थोरल्या बहिणीनं "माहेर तुटेल" ही भीती घालायचं थांबवा. आणि साक्षीदार व्हायचं थांबवा. साक्षीदाराशिवाय तो कागद होत नाही, हे मी बाकावर बसून बघितलंय. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं तेव्हा गावंच्या गावं पुढं आली होती. मग लेकीच्या नावे घरात एक खोली ठेवणं आपल्याला जड का जावं?

यंदा माघात आमच्याच भावकीतून पुन्हा निरोप आला: दोन बहिणींचं हक्कसोड आहे, साक्षीला या, आक्का. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा सांगितलंही. त्यावर बरीच बोलाचाली झाली, एका वहिनीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तिनं स्वतःच्या माहेरी सही दिली आहे, म्हणून तिला लागलं असावं.

त्याच आठवड्यात माझ्या चुलत बहिणीचा धाकटा भाऊ मला भेटायला साताऱ्याला आला. त्याच्या दोन मुली, एक सातवीला, एक चौथीला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "आक्का, सही तर हून बसलीय. आता मी काय करू म्हंता?" मी म्हटलं, जमिनीचं बक्षीसपत्र करता येतं, पण ते तुम्हा दोघांचं काम, घराचं तरी बघ. सोयाबीनच्या पोत्यांची ती खोली रस्त्याच्या बाजूची आहे, तिला वेगळं दार काढता येतं. तिच्या नावे ग्रामपंचायतीत नोंद लाव, घरपट्टीची पावती तिच्या नावे निघू दे. तो गेला आणि चार दिवसांनी फोन आला की अर्ज दिलाय. पोती त्यानं गोठ्याशेजारच्या छपरात हलवली आहेत. घर दोघा भावांच्या नावे असल्यानं ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, नमुना आठला, नाव चढवायला थोरल्याची संमती लागेल, असं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलंय. थोरला सध्या "बघू" म्हणतोय.